पांढऱ्यातली सिस्टर

“मावशी, सिस्टर कधी येणार हो?” बाकावरच्या आजोबांनी पुन्हा विचारलं, आणि अपेक्षा थेंबांची बाटली हातात धरून जागच्या जागी उभी राहिली.

“आजोबा, मीच सिस्टर आहे. मान वर करा बघू, डोळ्यांत थेंब टाकायचेत.”

“तू?” आजोबांनी तिला नखशिखान्त न्याहाळलं. अंगात मोरपंखी रंगाचा अर्ध्या बाह्यांचा ढगळ सदरा, खाली त्याच कापडाची नाडीची पँट. “नको. मला घाई नाही. सिस्टर येऊ देत.”

आतल्या खोलीच्या दारात उभी राहून सुभद्रा कोचरेकर हे ऐकत होती. खोटं कशाला बोला, ती मुद्दामच जराशी थांबली आणि मग बाहेर आली. पांढरीशुभ्र साडी, भाताच्या पेजेची खळ देऊन कडक इस्त्री केलेली, खांद्याला पिन, कंबरेला पट्टा. त्या साडीची सळसळ ऐकूनच बाकावरची माणसं सावरून बसली. आजोबांनी न सांगता मान वर केली. सुभद्राने थेंब टाकले, “मिटा” म्हणाली, त्यांनी मिटले. सगळं कसं बिनबोभाट झालं.

“हे असं असतं,” ती आत जाता जाता अपेक्षाला म्हणाली.

अपेक्षा बिचारी काय बोलणार? नर्सिंगची पदवी घेतलेली, हाताला हलकी, पेशंटशी गोड बोलणारी मुलगी. पण हा नवा गणवेश आल्यापासून दिवसातून दहादा तिला कुणीतरी पाणी आणायला, पंखा वाढवायला नाहीतर लादी पुसायला सांगायचं.

परळच्या नाक्यावरून आत वळलं की एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर हे डोळ्यांचं छोटंसं हॉस्पिटल आहे. मोठ्या डॉक्टरांनी ते सुरू केलं तेव्हापासून सुभद्रा तिथे होती. ते गेल्यावर मुलगा उन्मेष बघू लागला. हुशार, हसतमुख, आणि बदल करण्याची भारी हौस. आधी भिंतींचा रंग बदलला, मग खुर्च्या, आणि आता नर्सचे कपडे. पांढऱ्यावर डाग दिसतात, साडीत धावपळ जमत नाही, पेशंटला पांढरं बघून उगाच आजारी वाटतं, असं त्याचं म्हणणं. त्यातून निघाला हा मोरपंखी सदरा-पँटचा जोड, ज्याला तो स्क्रब म्हणायचा. गंमत अशी, की झाडलोट करणाऱ्या मावश्यांचे ड्रेस हिरवट निळे होते. मोरपंखी आणि हिरवट निळा यांतला फरक कळायला आधी मोतीबिंदू निघावा लागतो, आणि इथे येणाऱ्यांचा तो निघायचाच असतो.

सुभद्राच्या वाटणीचा जोड तिने पिशवीतून काढलासुद्धा नव्हता.

“डॉक्टर, मी काही हे घालणार नाही,” तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. “पेशंटचा आपल्यावर विश्वास बसतो तो आपल्या कपड्यांवरून. हाताचं कसब त्यांना दिसतच नाही. दिसेल कसं? डोळे तर आपल्या ताब्यात असतात.”

“सिस्टर, आपण पेशंटनाच विचारू ना,” उन्मेष म्हणाला होता. त्याने खरोखरच दोन फोटो काढून घेतले, एक सुभद्राचा, एक अपेक्षाचा, आणि येईल त्याला विचारलं की इंजेक्शन कुणाकडून घ्याल. निकाल काय लागायचा तो लागला. ठाकूरद्वारच्या एक आजी तर म्हणाल्या, “ही पांढरीवाली नर्स. ती दुसरी रिसेप्शनवर असते का?” सुभद्रा दिवसभर खुशीत होती. उन्मेषने हसून हात जोडले आणि विषय तात्पुरता मिटला.

तिचं हे पांढऱ्यावरचं प्रेम काही हवेतून आलेलं नव्हतं. बाप गिरणीत, करी रोडच्या चाळीत दहा बाय बाराची खोली. गिरणी बंद पडली आणि बापाच्या तोंडचं पाणी पळालं, तेव्हा हिने नर्सिंग धरलं. त्याआधी चाळीत ती “गो सुभे, वायच नळार बघ” होती. पांढरा गणवेश घालून पहिल्यांदा जिना उतरली त्या दिवशी नळावरच्या बायांनी बादल्या बाजूला घेऊन तिला वाट करून दिली. पुढे चाळीच्या जागी टॉवर आला, नळ गेला, बाया पांगल्या. पण ती वाट तिच्या मनात अजून तशीच मोकळी होती.

थेंबांचा तो प्रकार सकाळी झाला, त्याच दिवशी दुपारी कुशाबा घाडी आले. लालबागच्या चाळीत राहणारे, गिरणीत मागावर आयुष्य काढलेले. जवान असताना मागावरून उडालेल्या सुताच्या लाकडी धोट्याने त्यांचा उजवा डोळा नेला होता. उरलेल्या डाव्या डोळ्यात आता मोतीबिंदू पिकला होता. म्हणजे जे काही दिसायचं ते या एका डोळ्यातूनच, आणि आता त्यातूनही सगळं धुकटच. सून आकांक्षा त्यांना दंडाला धरून आणायची.

दोन वेळा ऑपरेशनची तारीख दिली होती आणि दोन्ही वेळा रक्तदाब मोजताच ती रद्द करावी लागली होती. आकडा नुसता चढलेला. मधुमेह-रक्तदाबाच्या डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या, मीठ तोडलं. आज तिसरी खेप.

“इली काय सिस्टर?” दारातूनच म्हाताऱ्याने विचारलं. तोंडं दिसत नसली तरी पांढरा रंग त्यांना कळायचा. “हां, इली इली. आता बरा वाटला.”

“बसा घाडीकाका. हात सैल सोडा. बोलायचं नाही. श्वास घ्या, सोडा.” सुभद्राचं हॉस्पिटलातलं मराठी वेगळं होतं, साडीसारखंच इस्त्री केलेलं.

तिने दंडाला पट्टा गुंडाळला. आकडा पाहिला. थोडं थांबून परत घेतला. पुन्हा तोच. एकशे नव्वदच्या वर.

“काय म्हणता मशीन?” कुशाबांनी विचारलं.

“थोडं जास्त आहे.”

“मगे आजपण नाय काय?”

सुभद्राने पट्टा सोडून गुंडाळून ठेवला. आकांक्षा न राहवून बोलली, “सिस्टर, घरी मी मोजते ना, तेव्हा इतकं नसतं हो. उलट कमीच असतं. मला तर वाटतं गोळ्या जास्त होतायत. सकाळी उठले की भिंत धरून चालतात.”

“ती घरची बॅटरीवरची मशिनं. त्यांच्यावर नका विसंबू,” सुभद्रा म्हणाली. “कुणीही काहीही बनवून विकतं आजकाल.”

उन्मेषने तपासलं आणि मान हलवली. “एकच डोळा आहे आजोबांचा. ऑपरेशन चालू असताना प्रेशर उसळलं आणि आत रक्तस्राव झाला, तर आहे तेही जाईल. मी नाही धोका पत्करणार.” गोळी अजून वाढणार हे ठरल्यासारखंच होतं. आणखी फार थांबून चालणार नाही, हेही तो जाता जाता बोलला. पिकलेला मोतीबिंदू फुटला तर डोळा लाल होऊन निकामी होतो.

कुशाबा उठले. “सिस्टर सांगता म्हंजे खराच असतला,” ते सुनेला म्हणाले, आणि चाचपडत जिन्याकडे निघाले. सुभद्राला फार वाईट वाटलं. पण शब्दाला आपल्या केवढा मान आहे, हे सुखही त्या वाईट वाटण्यात थोडं मिसळलं होतं.

त्यानंतरच्या रविवारी सुभद्रा लालबागच्या बाजारात बांगडे निवडत होती. रविवारचा तिचा वेष म्हणजे फुलाफुलांची मॅक्सी, वर ओढणी, पायात रबरी सपाता. कोळणीशी घासाघीस रंगात आली होती, तेवढ्यात फोन वाजला. आकांक्षा होती.

“सिस्टर, बाबा मोरीत पडले. लागलं नाहीये फारसं, पण डोळे फिरल्यासारखे करतायत. हे पण घरी नाहीत. काय करू?”

“मी इथेच बाजारात आहे. आले.”

चाळ दोन गल्ल्या सोडून. ती तशीच गेली, बांगड्यांची पिशवी हातात घेऊन. उंबऱ्याशी पोचल्यावर मात्र स्वतःकडे लक्ष गेलं आणि ती शरमली. इतक्या वर्षांत एकाही पेशंटने तिला मॅक्सीत पाहिलं नव्हतं.

कुशाबा पलंगावर पाय सोडून बसले होते. माशाचा वास आला तशी त्यांनी मान वळवली. “कोण गो? पारूची सून काय? बांगडे हाडलंस?”

सुभद्राने एकदा आकांक्षाकडे पाहिलं आणि तोंडावर बोट ठेवलं. या अवतारात मी कोचरेकर सिस्टर, असं सांगायला तिची जीभ रेटेना. आणि मग तोंडातून आलं ते हॉस्पिटलातलं मराठी नव्हतं, बापाच्या खोलीतलं मालवणी होतं.

“होय. बाजूच्या चाळीतली मी. पडलात मा? म्हणान बघूक इलंय.”

“पडलंय कसलो, बसलंय मोरयेत,” म्हातारा हसला. “बांगडे मोठे असत?”

“मोठे खयचे! हाताएवढे सांगता आणि बोटाएवढे देता.”

ती त्यांच्या शेजारी टेकली, मनगट हातात घेतलं. नाडी सावकाश चालली होती, अंमळ मंदच. आकांक्षाने घरचं मशीन पुढे केलं. सुभद्राने पट्टा बांधला आणि बांगड्यांच्या कालवणात तिरफळं किती घालायची यावर म्हातारा बोलत राहिला. आकडा आला. वरचा शंभराच्या आतबाहेर.

तिला वाटलं, मशीन बिघडलंय. तिने पट्टा सोडून स्वतःच्या दंडाला बांधला. तिचा आकडा नेहमीचा, जो तिला पाठ होता, तोच. पुन्हा कुशाबांना लावला. पुन्हा तितकाच कमी. मशीन बरोबर होतं. आकांक्षा बरोबर होती. हा माणूस रक्तदाबाने नव्हे, त्याच्या गोळ्यांनी पडला होता.

सुभद्राने पट्टा तसाच राहू दिला. मनगट हातातच होतं. मनात एक शंका आली आणि ती शंका तिला मुळीच आवडली नाही. तरी तिने विचारून पाहिलं.

“तुमची ती पांढऱ्यातली सिस्टर येवची असा म्हणतत. तुमका बघूक.”

“हय? आता?” म्हातारा ताठ झाला. आणि तिच्या बोटांखाली नाडी पळायला लागली. तिने गुपचूप बटण दाबलं. पट्टा फुगला, उतरला. आकडा भराभरा वर गेला होता, आणि सिस्टर तर अजून आलीही नव्हती.

“इतके घाबरतात कित्या? वायट असा काय ती?”

“वायट?” कुशाबांना राग आला. “देवमाणूस ती. तिच्या हातात माझो डोळो बिनघोर दीन मी. पण गो, ती येताना दिसली मा, की माका वाटता, आता ही काय सांगतली.” त्यांनी ओठांवरून हात फिरवला. “गिरणीत लागला तेव्हा डोळो गेलो म्हणान तिनाच सांगल्यान. बायल गेली तेव्हापण तीच इली, लांबसून, पांढऱ्या कपड्यांत. येगळी येगळी असतली, पण माका एकच दिसता. डॉक्टर काय, बरा होतला म्हणतत. ती खोटा बोलणा नाय. म्हणान भिया वाटता.”

सुभद्राने मशीनचं बटण बंद केलं. विश्वास बसतो तो कपड्यांवरून, हे तिचं म्हणणं तंतोतंत खरं निघालं होतं. नको तितकं खरं.

“भायर जाताना तिका येव नको म्हणान सांगतंय,” ती कशीबशी म्हणाली. “रविवार असा आज. तिकापण घर असात.”

“असतला,” कुशाबा विचार करून म्हणाले, जणू ही गोष्ट त्यांच्या डोक्यात प्रथमच आली होती. नाडी हळूहळू जाग्यावर आली.

बाहेर गॅलरीत तिने आकांक्षाला उन्मेषचा नंबर दिला, गोळ्यांच्या डॉक्टरांशी आजच्या आज बोलून घे म्हणाली. मग जरा घुटमळली. “आणि हे बघ, तू म्हणाली होतीस. मी ऐकलं नाही. चुकलं माझं.”

“अहो सिस्टर, काय तुम्ही...” आकांक्षा गडबडली. सुभद्रा जिना उतरून गेली. घरी येऊन तिने बांगडे साफ केले, तळले, पण स्वतः एकच खाल्ला.

सोमवारी तिने उन्मेषला सगळं सांगितलं. तो टेबलावर पुढे झुकून ऐकत होता.

“आकांक्षाचा काल फोन आला होता. गोळ्या अर्ध्यावर आणल्यात त्यांनी. आणि सिस्टर, हे पुस्तकात आहे आमच्या,” तो म्हणाला. “डॉक्टरचा पांढरा कोट बघून प्रेशर वाढणारे पेशंट असतात. मलाच सुचायला हवं होतं. पण सुचणार कसं? मी तर कोट घालतच नाही. भुलीचे डॉक्टर हिरव्यात असतात. आपल्याकडे पांढरं कोण...” तो टेबलावरचं पेन उचलून उगाच उघडझाप करू लागला.

“एकच आहे,” सुभद्रा म्हणाली. “बोला ना. एकच माणूस आहे.”

“तसं नाही म्हणायचं मला. इतर पेशंटना तुमच्यामुळे किती आधार वाटतो, मी बघतो ना. आजोबांजवळ आपण त्या दिवशी अपेक्षाला ठेवू.”

“ठेवाल. आणि तिला ते दर दोन मिनिटांनी विचारतील, सिस्टर खय? कुणाचा तरी हात त्यांना ओळखीचा वाटायला हवा.” ती उठली. साडीची सळसळ तिची तिलाच ऐकू आली. “मीच असेन. तुमच्या त्या मोरपंखी कपड्यांत.”

उन्मेषच्या चेहऱ्यावर आनंद उमटला, पण पोराने तो चटकन आवरला. त्याबद्दल सुभद्राने मनातल्या मनात त्याला शंभर मार्क दिले.

आठवडाभरात कुशाबांची भोवळ थांबली. घरी आकांक्षा मोजत होती ते आकडे डॉक्टरांनी या वेळी मनावर घेतले. तारीख ठरली. आता एकच प्रश्न उरला होता, की ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी काय होतं.

त्या दिवशी सकाळी हॉस्पिटलच्या कपडे बदलायच्या खोलीत सुभद्रा नाडी हातात धरून उभी होती. जन्मात पँट घातली नव्हती. अपेक्षाने खाली बसून तिच्या पायाशी दुमडून दिली, सदऱ्याची बाही सारखी केली.

“छान दिसतं तुम्हाला, सिस्टर.”

“मस्का नको. मागून कशी दिसते ते सांग.”

“मागून माझ्यासारखीच,” अपेक्षा म्हणाली, आणि दोघी हसल्या. मग सुभद्रा एकाएकी म्हणाली, “तुला त्या दिवशी आजोबा नको म्हणाले ना, तेव्हा मी दारात उभी होते. लवकर यायला हवं होतं मी.” अपेक्षाने नुसती मान हलवली, पण मान हलवताना तिचे डोळे भरले.

बाहेर पडून दहा पावलंही झाली नसतील, तोच बाकावरून हाक आली. “ओ मावशी, तो पंखा जरा वाढवा ना.”

इतक्या वर्षांत असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. नाकावर राग आला, तसाच तो तिने गिळला. जाऊन पंखा वाढवला. त्यात काही बोटं झिजली नाहीत, हेही तिच्या लक्षात आलं.

कुशाबा आत पलंगावर होते, हिरव्या गाऊनमध्ये एवढेसे दिसत होते. तिने शेजारी स्टूल ओढलं.

“कोण?” त्यांनी विचारलं.

“मी हयचीच. हात दिया बघू.”

“अगो, तू मालवणी? खयची?”

“कोचऱ्याची.”

“मगे आमच्या वाटेवरची. मावशे, तुझो आवाज खय तरी आयकलेलो वाटता.”

“आमची सगळ्यांचीच तोंडा सारखी आणि आवाजपण सारखे,” ती म्हणाली. पट्टा फुगत होता. तिने बांगड्यांची गजाल काढली, गप्पा सुरू केल्या. म्हाताऱ्याला तेवढंच हवं होतं. गळ टाकून मासे गरवायला जायचे ते दिवस, खाडीचं पाणी, सासऱ्याची होडी. भुलीचे डॉक्टर पडद्याशी उभे राहून आकड्याकडे बघत होते. त्यांनी अंगठा वर केला. सुभद्राचा इतका वेळ धरलेला श्वास सुटला.

ढकलगाडी दाराशी गेली आणि तिथेच म्हाताऱ्याने तिचा हात घट्ट पकडला. “मावशे, ती सिस्टर खय असा? पांढऱ्यातली? आज दिसणा नाय.”

भुलीचे डॉक्टर थबकले. उन्मेष आतून मास्कवरच्या डोळ्यांनी बघत राहिला. याच क्षणी नाडी पळाली, तर आजची तारीखही गेली, आणि पुढची कधी येईल, येईल की नाही, कुणी सांगावं?

सुभद्रा त्यांच्या कानाशी वाकली. “असा ती. भायर उभी असा. तिका आज तुमका सांगण्यासारखा काय नाय, म्हणान येवक नाय ती.”

कुशाबांनी ते नीट ऐकलं. “काय नाय?”

“काय म्हणजे काय नाय.”

म्हाताऱ्याचा हात सैल झाला. इतका सैल, की तिला स्वतःलाच तो परत धरावा लागला. आत साऱ्या वेळात तो तिच्या हातात तसाच पडून होता, आणि नाडी खाडीच्या ओहोटीसारखी संथ चालली होती. उन्मेषने भिंग बसवलं, डोळ्यावर पट्टी लावली आणि “झालं, आजोबा” म्हणाला, तेव्हा म्हातारा चक्क घोरत होता.

सुभद्रा मागच्या जिन्यात जाऊन उभी राहिली आणि पोटभर रडली. दुःख असं नव्हतं. खूप दिवसांनी एखादी जड घागर खाली ठेवली की खांदा हलका होऊन दुखायला लागतो, तसं काहीसं.

दुसऱ्या दिवशी पट्टी तिनेच काढली. कापसाने कडा पुसल्या. कुशाबांनी डोळा उघडला, मिटला, परत उघडला. आधी त्यांनी खिडकी पाहिली. मग स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले, नखांपर्यंत. मग सुनेकडे वळले.

“तू इतकी बारीक कधी झालंस?”

आकांक्षाला हसू आणि रडू एकदमच आलं. मग त्यांनी समोरच्या बाईकडे पाहिलं. मोरपंखी सदरा, चष्मा, पांढरे व्हायला लागलेले केस. बराच वेळ पाहिलं. सुभद्राने नजर खाली केली नाही.

“तू ती कालची मावशी मा?”

“होय.”

“हो रंग बरो दिसता तुका.” आकांक्षाने तोंड उघडलं, तसं सुभद्राने तिला डोळ्यांनीच थांबवलं. अजून महिनाभर त्यांना तपासणीला यायचं होतं. नाडी तशीच संथ राहिलेली बरी होती.

कुशाबांनी सुनेच्या पिशवीतला पेढ्यांचा पुडा मागून घेतला. पहिल्यांदाच न चाचपडता त्यांची बोटं सरळ पुड्याच्या गाठीवर गेली. त्यांनी आतले पेढे निरखून त्यातून दोन काढले, एक लहान, एक मोठा.

“ह्यो तुझो. आणि ह्यो मोठो सिस्टराचो. तिका दी आणि सांग, म्हातारो दिसाक लागलो. सांगशीत मा?”

“सांगतंय,” सुभद्रा म्हणाली.

ते सुनेचा हात न धरता जिन्यापर्यंत गेले. ती दारातून बघत राहिली. लहान पेढा तिने तिथेच तोंडात टाकला. मग ती आत वळली. अपेक्षा टेबलाशी थेंबांच्या बाटल्या लावत होती. सुभद्राने मोठा पेढा तिच्या तळहातावर ठेवला.

“घाडीकाकांनी दिलाय,” ती म्हणाली. “सिस्टरसाठी.”